अब्जांश कण आणि विषाणुसंसर्ग

सर्वसाधारणपणे 1 ते 100 नॅनोमीटर आकाराच्या कणांना अब्जांश कण किंवा नॅनोकण म्हणतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. करोनाचा विषाणू सुमारे 100 नॅनोमीटर व्यासाचा, तर एचआयव्ही त्याहून किंचित मोठा असतो. इतक्या लहान कणांवर प्रतिपिंडे चिकटवून विषाणूची प्रथिने पकडता येतात, तसेच कणांत औषध भरून ते शरीरात नेता येते.

निदानात सर्वाधिक रुळलेला कण सोन्याचा. मायकेल फॅरडे यांनी 1857 मध्ये सोन्याच्या अशाच कणांच्या माणकासारख्या लाल द्रावणांचा अभ्यास केला. कणातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्रित दोलने करतात, त्यात हिरवा प्रकाश शोषला जातो आणि पिवळे सोने लाल दिसते. करोनाच्या अनेक जलद प्रतिजन चाचण्यांत दिसणारी लाल रेघ याच कणांची. नाकातील स्राव मिसळलेला द्रव पट्टीवर टाकला की तो प्रतिपिंडे लावलेले सुवर्णकण सोबत घेऊन पुढे सरकतो. विषाणूचे प्रथिन असल्यास ते या कणांसह ‘टी’ खुणेवरील प्रतिपिंडांत अडकते आणि तेथे रेघ उमटते. ‘सी’ रेघ फक्त चाचणी नीट झाल्याचे सांगते. यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. मात्र विषाणू थोडे असतील तर रेघ उमटत नाही. म्हणूनच लक्षणे असूनही चाचणी नकारात्मक आल्यास आरटी-पीसीआर करावी, असा आयसीएमआरचा 2020 मधील दंडक होता. पुण्याच्या मायलॅबच्या ‘कोव्हिसेल्फ’ या घरी करायच्या पट्टी-चाचणीला मे 2021 मध्ये मान्यता मिळाली.

उपचारात खरे यश आले ते औषध वाहून नेणाऱ्या किंवा साठवून ठेवणाऱ्या कणांना. एचआयव्हीवरील कॅबोटेग्रॅव्हिर हे औषध पाण्यात जेमतेम विरघळते. ते सुमारे 200 नॅनोमीटरपर्यंत दळून स्नायूत टोचले की तेथे साठून आठवडेच्या आठवडे झिरपत राहते. रिलपिव्हिरिन या दुसऱ्या औषधाबरोबर ते महिन्यातून किंवा दोन महिन्यांतून एकदा देतात. रोजची गोळी सुटते. प्रतिबंधात मेदकणांचे काम मोठे आहे. फायझर आणि मॉडर्ना यांच्या करोनावरील लशींतील नाजूक एमआरएनए (जनुकीय संदेश वाहणारा रेणू) चार प्रकारच्या मेदद्रव्यांच्या कणांत गुंडाळलेला असतो. हे वेष्टन नसते तर तो पेशीत पोहोचण्यापूर्वीच विघटित झाला असता.

विषाणूला थेट निकामी करणाऱ्या कणांविषयी मात्र दावे फार, पुरावा तोकडा. 1 ते 10 नॅनोमीटरचे चांदीचे कण एचआयव्हीच्या पृष्ठभागाला चिकटतात, हे 2005 मध्ये प्रयोगशाळेत दिसले. पण काचपात्रात विषाणू रोखणे वेगळे आणि रुग्ण बरा करणे वेगळे. करोनाकाळात चांदीचे द्रावण औषध म्हणून विकणाऱ्यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च 2020 मध्ये ताकीद दिली. असे द्रावण दीर्घकाळ पोटात गेल्यास त्वचा कायमची निळसर-राखी होऊ शकते.