एक कायदा, दोन कलमे : अमेरिकेतील ऐतिहासिक इमारती आणि करसवलती

वास्तुजतनाचा इतिहास बहुधा स्थापत्याच्या अंगाने लिहिला जातो; करकायद्याच्या अंगाने तो क्वचितच तपासला जातो. अमेरिकेच्या बाबतीत हे दुसरे अंग वगळून चालत नाही. तेथे १९६६ साली राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायदा संमत झाला व वारसास्थळांची राष्ट्रीय नोंदवही अस्तित्वात आली. परंतु त्याच काळात करकायदा मालकाला नेमका उलटा सल्ला देत होता. नव्या इमारतीवर वेगाने घसारा आकारता येई आणि जुनी इमारत पाडल्याने होणारे नुकसानही वजावटीस पात्र ठरू शके. वास्तू राखण्यापेक्षा पाडणे अनेकदा किफायतशीर होते.

१९७६ च्या करसुधारणा कायद्याने हा कल बदलला. त्यातील कलम १९१ नुसार उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक वास्तूच्या प्रमाणित दुरुस्तीचा खर्च ६० महिन्यांत वजा करता येऊ लागला. अशा वास्तूच्या पाडकामाच्या खर्चाची वजावट मात्र नाकारण्यात आली. याच कायद्याने कलम १९० ही आणले. अपंग व वृद्ध व्यक्तींच्या वाटेतील अडथळे दूर करण्यासाठी व्यावसायिकाने केलेल्या खर्चावर वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत वजावट त्याने दिली. हे शेजारपण प्रस्तुत लेखकास अर्थपूर्ण वाटते, कारण पुढे दोन्ही कलमांच्या वाटा फुटल्या.

वास्तूंची सवलत वाढत गेली. १९७८ साली किमान २० वर्षे जुन्या व्यापारी इमारतींच्या दुरुस्तीसाठी खर्चाच्या १० टक्के रक्कम थेट करातून कमी होऊ लागली. १९८१ मध्ये प्रमाणित ऐतिहासिक वास्तूंसाठी हे प्रमाण २५ टक्के झाले, तर १९८६ मध्ये ते २० टक्क्यांवर आणले गेले. २०१७ च्या कायद्याने २० टक्के कायम ठेवून ती रक्कम पाच वर्षांत विभागली. प्रवेशसुलभतेची वजावट मधल्या काळात खंडित झाली. १९८४ मध्ये ती पुन्हा लागू झाली तेव्हा मर्यादा ३५,००० डॉलर होती. पुढे १९९० साली अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला, म्हणजे मालकांवरील कर्तव्य वाढले. आणि त्याच वर्षी ही मर्यादा १५,००० डॉलरवर उतरली! भरपाईदाखल लहान व्यावसायिकांना करातून कमाल ५,००० डॉलरची सूट मिळाली. दोन्ही आकडे त्यानंतर वाढलेले नाहीत; महागाईने त्यांचे मोल मात्र घटत गेले.

मोठ्या सवलतीतून सुरक्षितता व सुलभता साधत नाही, असे म्हणता येणार नाही. आगीच्या वेळी पाणी फवारणारी यंत्रणा, आपत्कालीन जिने, उद्वाहने, भूकंपरोधक मजबुतीकरण असा खर्च तीत धरला जातो. अडचण आहे ती उंबरठ्याची. दुरुस्तीचा खर्च साधारणपणे २४ महिन्यांत ५,००० डॉलर आणि इमारतीचे करहिशेबातील मूल्य यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्याहून जास्त व्हावा लागतो. त्यामुळे जुन्या दुकानाच्या दारातील दोन पायऱ्यांच्या जागी उतार बांधू पाहणाऱ्या मालकाला ही सवलत लागू होत नाही. जुने गोदाम विकत घेऊन त्याची सदनिकांची इमारत करणाऱ्या विकासकाला मात्र ती सहज साधते. इमारतीचा आकार वाढवण्याचा खर्चही तीत बसत नाही. शिवाय सवलतीसाठी वास्तूचे ऐतिहासिक स्वरूप राखावे लागते, आणि दर्शनी पायऱ्या हा पुष्कळदा त्या स्वरूपाचाच भाग असतो.

हा पेच १९९१ च्या प्रवेशसुलभता निकषांनी ओळखला होता. नियमांचे पूर्ण पालन वास्तूचे महत्त्व धोक्यात आणत असेल, तर राज्याच्या वारसा अधिकाऱ्याशी विचारविनिमय करून सौम्य अटी लागू करण्याची मुभा त्यांत होती. लोकांच्या नेहमीच्या वापरातील एकही प्रवेशद्वार सुलभ करणे शक्य नसेल, तर दुसरे एखादे दार उघडे ठेवावे आणि मुख्य दारापाशी त्याची दिशा दाखवणारी पाटी लावावी, असे त्यांत सांगितले होते. वास्तूचे दर्शनी रूप त्यामुळे अबाधित राहिले; चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्या नागरिकाला मात्र पाटी वाचून मागच्या दाराने आत जावे लागले.