एन-सातची जहागिरी

उपनगर ही चीज इंग्रजांनी शोधून काढली असं निदान आमच्या गावात तरी कोणी म्हणू नये. इंग्रजांच्या हातात अजून मुंबईसुद्धा पडली नव्हती, तेव्हा आमच्याकडे पुरे वसायला लागले होते. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि खडकीचं औरंगाबाद झालं. (२०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. पत्त्याच्या पाट्या रंगवणाऱ्यांना या गावाने कधी उपाशी ठेवलेलं नाही.) मोगलांबरोबर आलेल्या सरदारांचे घोडे, माणसं, मुदपाकखाने गावात मावेनात, म्हणून ज्याने त्याने गावाबाहेर आपापला पुरा वसवला. मिर्झाराजे जयसिंगांचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या करणसिंगांचा कर्णपुरा आणि त्यांचे चिरंजीव पदमसिंग यांचा पदमपुरा. लेकाने बापाच्या शेजारीच, पण वेगळं बिऱ्हाड करायचं, ही सोय लोक समजतात तेवढी आधुनिक नाही. गावाला बावन्न दरवाजे आणि बावन्न पुरे, असं जुने लोक सांगत. मोजायला कोणी गेलं नाही, कारण बावन्न हा आकडाच मोजण्यासाठी नसतो, सांगण्यासाठी असतो.

आता गंमत अशी, की एवढे पुरे वसवले तरी सरदार काही तिथले कायमचे मालक नव्हते. मोगलांची मनसब वंशपरंपरेने चालत नसे आणि जहागिऱ्याही बदलत्या असत. आज दख्खन, उद्या काबूल! म्हणजे सरकारी नोकराची बदली आणि क्वार्टर, यापलीकडे त्यात फारसं काही नव्हतं. रजपूत गेले, नावं राहिली. आज पदमपुऱ्यात जाऊन पदमसिंग कुठे राहतात म्हणून विचारलंत, तर समोरचा मनुष्य अगत्याने विचारील, "कोणत्या गल्लीत?"

इंग्रजांकडे हा प्रकार आला तो रेल्वेच्या डब्यात बसून. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने रुळांच्या दोन्ही बाजूंच्या जमिनींवर वस्त्या उठवल्या आणि १९१५ साली त्या मुलखाला 'मेट्रोलँड' असं झोकदार नाव दिलं. घर घ्या, बाग करा, रोज आमच्याच गाडीने कचेरीत जा. आमच्याकडेही १९००च्या सुमारास रेल्वे आली, पण स्टेशन गावापासून अंतर राखून उभं राहिलं आणि त्यातून भलं झालं ते टांगेवाल्यांचं.

त्याच काळात लंडनमध्ये एबेनेझर हॉवर्ड नावाचा एक गृहस्थ पार्लमेंटातली भाषणं लघुलेखनात उतरवून घेत असे. इतकी भाषणं ऐकूनही त्याचा माणसावरचा विश्वास उडाला नाही, हे विशेष. १८९८ साली त्याने उद्याननगराची कल्पना मांडणारं पुस्तक लिहिलं आणि १९०३ मध्ये लेचवर्थ हे गाव वसायला लागलं. बागा आणि रुंद रस्ते तर होतेच, पण खरी मेख जमिनीत होती. जमीन विकायची नाही, भाडेपट्ट्याने द्यायची. गाव वाढलं की जमिनीचा भाव वाढणार; तो वाढावा एकट्यादुकट्याच्या खिशात न जाता गावाच्या कामी यावा, असा हिशेब.

या कल्पनेचं एक लांबचं नातेवाईक आमच्या माळावर येऊन उतरलं. त्याचं नाव सिडको. १९७० साली नवी मुंबईसाठी म्हणून स्थापन झालेलं हे महामंडळ दोन-तीन वर्षांतच आमच्याकडे आलं, कारण चिकलठाण्याला कारखाने निघाले होते आणि कामगारांना राहायला घरं हवी होती. वस्त्यांना नावं नव्हती, नंबर होते. एन-सहा, एन-सात, एन-आठ. पत्ता सांगताना बुद्धिबळाची चाल सांगतोय असं वाटे. गुलमंडीकडच्या वाड्यात दोन खोल्यांत भाड्याने राहणारे आमचे अण्णा अर्ज भरून आले. १९७९ साली घर लागलं: दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि वर भरपूर आकाश. नातेवाइकांनी अभिनंदन केलं ते सांत्वनाच्या सुरात. संध्याकाळनंतर रिक्षावाला तिकडे यायला तयार नसे, आणि आलाच तर जीव धोक्यात घातल्याचे पैसे मागे.

कागद घरी आले त्या दिवशी आजीने विचारलं, "वाच बरं, काय लिवलंय."

अण्णांनी वाचून दाखवलं. घर आपलं, जमीन नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने.

"कामून? शंभर कामून नाही?"

"कायद्याची रीत असते, आई."

"मग शंभराव्या वर्षी काय?"

"शंभराव्या वर्षी आपण कोणीच नसणार."

"आपण नसू रे बाबा, पण घर असंल ना!"

अण्णांनी कागदाची घडी घातली. पुढे तो कागद लोखंडी कपाटात, आजीच्या गाठोड्याखाली गेला. भाड्याच्या वाड्यात जन्म काढलेल्या बाईला भाडेपट्टा म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नव्हती. तिने त्या अंगणात तुळस लावली, पण "आपलं घर" हा शब्द मात्र तिच्या तोंडी कधी बसला नाही. ती शेवटपर्यंत "अण्णाचं घर" म्हणायची. अण्णांना ते लागे.

लंडनच्या हॅम्पस्टेड उपनगरात, १९०७ पासून, दोन घरांच्या मध्ये भिंत नको, झुडपांचं कुंपण असावं असा दंडक होता. आमच्या रांगेतही सुरुवातीला मेंदीच होती. कोथिंबीर, दूधभांडं आणि चहाड्या तिच्यावरून सुखरूप ये-जा करत. मग कोणीतरी ओटा बंद करून खोली काढली, कोणी जिना चढवला, कोणी पुढे पिठाची गिरणी घातली, आणि मेंदीच्या जागी विटा आल्या. सहा इंचांवरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. जमीन दोघांचीही नव्हती. पण भांडताना ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

माळाचं शहर झालं. आमच्यात कॅनॉट नावाची बाजारपेठसुद्धा निघाली. आयर्लंडातला एक प्रांत, त्याच्या नावाचा राणी व्हिक्टोरियाचा मुलगा, त्याच्या नावाचा दिल्लीचा चौक, आणि दिल्लीवरून आमचं कॅनॉट. चौथ्या पिढीचं बारसं म्हणायचं. २००६ साली सिडकोने वसाहत महापालिकेच्या हवाली केली. आता घर बघायला येणारा गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतो: पाणी किती दिवसांआड येतं, आणि जागा फ्री होल्ड आहे का? पहिल्याला आम्ही हसून वेळ मारून नेतो. दुसरा आजीचाच आहे, फक्त इंग्रजीत. लीज होल्ड काढून जमिनी मालकीच्या करा ही मागणी आमच्याकडे जुनी आहे, सरकारदरबारी ती हललीही आहे. तोवर आमची नव्याण्णव वर्षं २०७८ साली संपतात, हे नातवंडांनासुद्धा पाठ झालं आहे.

माझा भाचा लंडनजवळ पिनरला फ्लॅट घेतोय. पिनर म्हणजे त्याच मेट्रोलँडातलं छोटंसं, झाडंबिडं असलेलं गाव. परवा त्याचा फोन आला. "मामा, सगळं छान आहे, पण लीज एक्क्याऐंशी वर्षांचंच उरलंय." म्हटलं, मग तुझ्या हयातीला पुरेल की! तर म्हणे, तसं नाही. ऐंशीच्या खाली गेलं की लीज वाढवताना जमीनमालकाला जादा पैसे मोजावे लागतात, आणि त्या पैशांना वकील चक्क 'मॅरेज व्हॅल्यू' म्हणतात. घराचं आणि जमिनीचं लग्न लागलं की किंमत वाढते, त्यातला अर्धा वाटा जमीनमालकाचा. थोडक्यात, हुंडा. २०२४ साली तिथल्या पार्लमेंटने तो रद्द करण्याचा कायदा केला, पण अंमल सावकाश चालला आहे. आमच्या आजीने फुकट विचारलेला प्रश्न विचारायला तिकडे सॉलिसिटर पौंडात फी घेतो, एवढं मी भाच्याच्या कानावर घातलं.

भाच्याने आता घर विकणाऱ्यालाच लीज वाढवून द्यायला सांगितलंय. तो तयार आहे, पण तो स्वतः दुसरं घर घेतोय, त्या घरवाल्याचा डोळा तिसऱ्या घरावर आहे. याला तिकडे 'चेन' म्हणतात. एक कडी अडली की सगळे अडले, आणि कागदांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही शब्द फिरवू शकतो. आपल्याकडे निदान सुपारी फुटल्यावर लोक लाजतात तरी. साखळीच्या टोकाला एक ब्याऐंशी वर्षांची बाई आहे. तिने घर विकून मुलीकडे जायचं, असं ठरलंय. म्हणजे मुलीने ठरवलंय. बाई अजून विचार करते आहे.