बझ्बीनंतरचे मँचेस्टर युनायटेड (१९६९–७४)

इंग्लंडमधील या फुटबॉल क्लबचा पडता काळ. १९४५ पासून संघ घडवणाऱ्या मॅट बझ्बी यांनी पाच लीग विजेतेपदे व १९६८ चा युरोपियन कप मिळवून १९६९ मध्ये व्यवस्थापकपद सोडले. क्लब मात्र सोडला नाही. खरी अडचण तीच. उत्तराधिकारी विल्फ मॅकगिनेस अवघे ३१ वर्षांचे. कालच्या सहकाऱ्यांवर त्यांचा वचक बसेना. डिसेंबर १९७० मध्ये बझ्बींनाच तात्पुरते परतावे लागले. नंतरचे फ्रँक ओ’फॅरल दीड वर्ष टिकले. संघाचे आघाडीचे खेळाडू जॉर्ज बेस्ट सरावाला दांडी मारू लागले होते. पुढचे व्यवस्थापक टॉमी डॉकर्टी यांच्या कारकिर्दीत, १९७४ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. युनायटेडचेच माजी खेळाडू डेनिस लॉ यांनी मँचेस्टर सिटीकडून टाचेने मारलेल्या गोलमुळे हे घडले, ही आख्यायिकाच. त्या दिवशीच्या इतर निकालांमुळे घसरण तशीही अटळ होती. दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून १९७५ मध्ये संघ परतला.