गावची लीग आणि गाडीतली लीग

मागच्या रविवारी पुण्याहून मावशीचा फोन आला तेव्हा मी डेलावेअरमधल्या एका मैदानाच्या कुंपणाला टेकून उभा होतो.

"अरे, आहेस कुठे? मागे केवढा आरडाओरडा चाललाय!"

"चिरंजीवांची मॅच आहे गं, बेसबॉलची. घरापासून दोन तासांवर आलोय."

"अरे देवा! तुमच्या न्यू जर्सीत मैदानं नाहीत का?"

काय सांगणार? मैदान आहे की. घरापासून चालत सात मिनिटांवर आहे आणि त्या दिवशी ते रिकामं होतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथे मुलांचं बेसबॉल दोन तऱ्हेचं असतं. एक रेक, म्हणजे गावची रिक्रिएशनल लीग. थोडीशी फी भरायची, नाव नोंदवायचं, की मूल आत. खेळ येवो न येवो. कोच म्हणजे कुणाचा तरी बाबा, तोही ऑफिसातून धावतपळत आलेला. दुसरं ट्रॅव्हल. इथे आधी निवड चाचणी. कोच पगारी. शनिवार-रविवार दुसऱ्या गावात, कधी दुसऱ्या राज्यात टूर्नामेंट, म्हणजे हॉटेल आलं, पेट्रोल आलं आणि गाडीत खाल्लेला गार पिझ्झा आला.

आमचा मुलगा तीन वर्षं रेकमध्ये खेळला, शेजारच्या घरातल्या जिवलग मित्राबरोबर. या वर्षी दोघांनी ट्रॅव्हलची चाचणी दिली. आमचा निवडला गेला, मित्र नाही. त्या रात्री आमच्या घरात आनंदाची बातमी सगळे हळू आवाजात बोलत होते. तेव्हापासून हे सगळं सुरू कसं झालं ते वाचायचा नाद लागलाय मला.

गोष्ट सुरू होते १९३८ च्या उन्हाळ्यात, पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात. कार्ल स्टॉट्झ नावाचा साधा नोकरदार माणूस आपल्या दोन भाच्यांबरोबर बॉल टाकत-झेलत होता. खेळता खेळता लायलॅकच्या झुडपाला पाय अडखळला आणि दुखावलेला पाय घेऊन बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात आलं, की या लहानग्यांसाठी वेगळा खेळ का नसावा? मोठ्यांच्या खेळात दोन बेसमधलं अंतर ९० फूट, ते त्याने ६० फुटांवर आणलं. मग गणवेशांसाठी गावातल्या दुकानदारांचे उंबरठे झिजवले. बऱ्याच नकारांनंतर एक डेअरी तयार झाली, मग एक लाकडाची वखार आणि एक खारी प्रेट्झेल विकणारे. झाले तीन संघ. ६ जून १९३९ ला पहिला सामना झाला. वखारवाल्यांनी डेअरीवाल्यांना २३-८ असं हरवलं. हीच ती लिटल लीग.

गंमत बघा, त्यानंतर सहाच दिवसांनी, १२ जून १९३९ ला, न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाऊनला बेसबॉलच्या महान खेळाडूंचं 'हॉल ऑफ फेम' उघडलं. एकाच आठवड्यात एकीकडे निवडक थोरांचं देऊळ आणि दुसरीकडे सगळ्या पोरांचं अंगण!

लिटल लीगचा एक नियम मला फार आवडतो. नेहमीच्या सामन्यात संघातल्या प्रत्येक मुलाला निदान एकदा बॅटिंग आणि ठरावीक वेळ फील्डिंग मिळालीच पाहिजे. आपल्या वाड्यातल्या क्रिकेटमध्ये कच्चा लिंबू असायचा ना, ज्याला सगळे आउट असूनही खेळू द्यायचे, तसंच काहीसं. फक्त हे छापील नियमात.

आता इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, रेक चांगलं आणि ट्रॅव्हल वाईट, संपलं! मलाही तसंच वाटत होतं. पण ट्रॅव्हलचं बी लिटल लीगच्याच अंगणात सापडतं. १९४७ साली त्यांनी विल्यम्सपोर्टला मोठी स्पर्धा भरवली. पुढे तीच वर्ल्ड सीरिज म्हणून गाजली. पहिल्या वर्षी जवळजवळ सगळे संघ पेनसिल्व्हेनियाचे, बाहेरचा एकच, आमच्या न्यू जर्सीतल्या हॅमंटनचा. पण या स्पर्धेसाठी प्रत्येक लीगने आपली उत्तम पोरं निवडायची आणि बाहेरगावी पाठवायची. म्हणजे निवड आली, प्रवास आला. मग मोठी रबर कंपनी पाठीराखी झाली, टीव्ही आला.

स्वतः स्टॉट्झला हे पटेना. धंदेवाईकपणा वाढतोय आणि गावांच्या हातातून खेळ निसटतोय, अशी त्याची तक्रार होती. १९५५ मध्ये तो आपणच लावलेल्या झाडाविरुद्ध कोर्टात गेला. १९५६ मध्ये तडजोड झाली आणि तो कायमचा बाहेर पडला. पुढे तो त्याच जुन्या मैदानावर गावातल्या पोरांची छोटीशी लीग चालवत राहिला. हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

पण ते अंगण तरी सगळ्यांचं होतं का? त्याच १९५५ साली साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या कॅनन स्ट्रीट वायएमसीएचा कृष्णवर्णीय मुलांचा संघ स्पर्धेत उतरला, तर गोऱ्यांचे संघ खेळायलाच आले नाहीत. न खेळता मिळालेला विजय नियमात बसत नाही म्हणून या मुलांना पुढे जाता आलं नाही. विल्यम्सपोर्टला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं आणि प्रेक्षकांत बसवलं. आणि मुली? १९७२ मध्ये होबोकनच्या मारिया पेपेला तीन सामन्यांनंतर संघ सोडावा लागला. प्रकरण कोर्टकचेरीत गेलं, तेव्हा कुठे १९७४ मध्ये मुलींना दार उघडलं.

आजचं ट्रॅव्हल फोफावलं ते मुख्यतः १९९० च्या दशकापासून. १९९५ मध्ये आयोवात 'परफेक्ट गेम' ही कंपनी सुरू झाली. कॉलेजांचे कोच आणि व्यावसायिक संघांचे पारखी एकाच ठिकाणी अनेक मुलं बघू लागले. १९९६ मध्ये त्याच कूपर्सटाऊनजवळ ड्रीम्स पार्क उघडलं, जिथे बारा वर्षांची पोरं आठवडाभर राहून खेळतात. मग आईबापांना वाटू लागलं, की तिथे दिसलं नाही तर आपलं मूल मागे पडेल. २०१३ चा 'सर्वोत्तम खेळाडू' अँड्र्यू मकचन गरीब घरातला. त्याने २०१५ मध्ये लिहिलं, की या खर्चामुळे त्याच्यासारखी मुलं बाहेरच राहतात. कुणी मदतीचा हात दिला नसता तर तोही राहिला असता.

कुंपण तेच, फक्त आता ते पैशाचं आहे.

असो. आता आमच्या घरचं. मुलाला ट्रॅव्हलमधून काढू का? मनात आलं होतं. पण तो खरंच छान खेळायला लागलाय, आणि पहाटे साडेपाचला न उठवता उठतो (शाळेसाठी कधी उठला नाही!). त्याचा आनंद माझ्या तत्त्वासाठी कसा मोडू?

मात्र आमच्या गावच्या लीगमध्ये त्याच्या वयाच्या गटाला यंदा दोनच संघ होतील इतकी मुलं उरली, आणि एका संघाला कोच मिळेना. मी नाव दिलं. बुधवारी संध्याकाळी जातो. मी अजूनही बॅट क्रिकेटसारखी जमिनीला टेकवून उभा राहतो, पोरं पोट धरून हसतात. शेजारचा मित्र माझ्याच संघात आहे. परवा त्याने विचारलं, "काका, तो येणार का कधी आपल्याकडे खेळायला?"

बुधवारी त्याची ट्रॅव्हलची प्रॅक्टिस असते, हे मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, "विचारतो हं."

घरी आल्यावर चिरंजीवांना विचारलं. ते काही बोलले नाहीत. पण शुक्रवारी संध्याकाळी दोघं आमच्या मागच्या अंगणात बॉल टाकत-झेलत होते. तिथे फी नाही आणि चाचणीही नाही.

लायलॅकचं झुडूप तेवढं आमच्याकडे नाही.