पनवेलचे चाक आणि मोटारीचे चाक

जुने लाकडी चाक मोटारीचे की बैलगाडीचे, हे ठरवताना पाहणाऱ्याची नजर प्रथम आऱ्यांच्या संख्येकडे जाते. निर्णायक पुरावा मात्र मध्यभागी, हे आरे जेथे एकत्र येतात तेथे असतो. आज महानगराचा भाग झालेल्या खारघरमध्ये या भेदाला वेगळे महत्त्व आहे, कारण हे उपनगर ज्या पनवेल तालुक्यात वसले आहे, तो तालुका मोटार येण्यापूर्वीच चाकांसाठी प्रसिद्ध होता.

त्या प्रसिद्धीचे कारण भूगोलात होते. मुंबईहून पडाव आणि होड्या खाडीने पनवेल बंदरात येत आणि तेथून माल घाटावर चढे. घाटातून ओझी वाहण्याचे काम पूर्वी बैलांच्या तांड्यांकडे असे. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा बांधीव रस्ता खुला केल्यावर चाकाच्या गाड्या थेट पुण्यापर्यंत जाऊ लागल्या आणि गाड्या बांधणाऱ्या सुतार-लोहारांना पनवेलमध्ये बारमाही काम मिळाले. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरांनी गाड्या बांधणे हा या गावाचा मुख्य उद्योग म्हणून नोंदवला असून, देश आणि किनारपट्टी यांच्यामधील वाहतुकीतली जवळजवळ प्रत्येक गाडी पनवेललाच खरेदी होते, असेही म्हटले आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागल्यावर पनवेलच्या हातून घाटाचा मोठा व्यापार गेला. गाड्या बांधण्याचा धंदा मात्र त्यानंतरही टिकला, ही बाब पनवेलच्या इतिहासात जितक्या ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही.

बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागी तुंबा, म्हणजे एकसंध लाकडाचा जाड, गोल ठोकळा असतो. त्याच्या कडेला खाचा पाडून त्यांत आरे ठोकून बसवतात, आऱ्यांची बाहेरची टोके परिघाच्या कमानदार तुकड्यांत अडकवतात आणि या साऱ्यावर धाव, म्हणजे तापवून लाल केलेली लोखंडी पट्टी चढवून तिच्यावर पाणी ओततात, तेव्हा ती आकसून सगळे सांधे एकमेकांवर आवळते. परिघाचा प्रत्येक तुकडा करवतीने कापून काढलेला असतो आणि त्यात साधारणपणे दोन आरे बसतात, म्हणून सहा तुकड्यांच्या चाकाला बारा आरे येतात. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी मोटारीच्या लाकडी चाकालाही बाराच आरे होते, हे लक्षात घेतले म्हणजे नुसती आऱ्यांची मोजणी किती फसवी ठरते ते कळते.

मोटारीच्या चाकात लाकडी तुंबा नसतो. प्रत्येक आऱ्याचे आतले टोक पाचरीसारखे निमुळते तासलेले असते आणि सगळी टोके मोसंबीच्या फोडींप्रमाणे एकमेकांना चिकटून स्वतःच एक भरीव वर्तुळ बनवतात; हे वर्तुळ पुढून आणि मागून लोखंडी तबकड्यांत धरून आरपार बोल्टांनी आवळलेले असते. या रचनेचे मूळ मोटारीच्याही आधीचे आहे. लंडनमध्ये वॉल्टर हॅनकॉक याने १८३० च्या दशकातल्या आपल्या वाफेच्या गाड्यांसाठी अशी पाचरीची चाके वापरली होती आणि पुढे तोफगाड्यांसाठी ती रूढ झाल्यामुळे त्यांना तोफखान्याची चाके म्हणू लागले. धातूच्या तुंब्याच्या अशा चाकाचा एक प्रकार ब्रिटिश सैन्यात मद्रासच्या नावाने ओळखला जाई, आणि तोफगाड्या बांधणारा एक सरकारी कारखाना मुंबईत कुलाब्यालाही होता. तेव्हा पाचरीचे चाक या देशात मोटारीबरोबर प्रथम आले, असे समजण्याचे कारण नाही.

मुंबईत मोटार आली ती १८९८ मध्ये. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये होईपर्यंत मुंबईहून पुण्याकडे निघालेली मोटार ठाणे, मुंब्रा, शीळ आणि तळोजे असा वळसा घेत पनवेलला येई, म्हणजे आजच्या खारघरच्या टेकडीच्या पलीकडून जाई. ज्या रस्त्यावर पनवेलच्या गाड्या चालत, त्याच रस्त्यावर अमेरिकन हिकरी लाकडाचे आरे असलेली चाकेही काही काळ फिरली.

अशा चाकाची ओळख पटवताना मध्यभागानंतर परिघ पाहावा. मोटारीच्या चाकाचा लाकडी परिघ बहुधा वाफ देऊन वाकवलेल्या दोनच तुकड्यांचा असतो, त्यामुळे त्यावर समोरासमोर दोनच सांधे दिसतात. शिवाय त्यात बोटाएवढ्या जाडीचे एक आरपार भोक असते, ज्यातून ट्यूबच्या व्हॉल्व्हची नळी आत येते. हे भोक मूळचे असेल, तर चाक हवेच्या टायरचे होते यात शंका उरत नाही. भरीव रबराच्या धावेवर चालणाऱ्या व्हिक्टोरियाच्या, म्हणजे घोडागाडीच्या चाकाला असे भोक नसते, आणि त्या चाकांत पुष्कळदा लाकडी तुंब्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी कडी रिव्हेटांनी जोडलेली आढळतात. सार्व्हेनच्या १८५७ च्या पेटंटावरून आलेली ही रीत अर्धी गाडीची आणि अर्धी मोटारीची असल्यामुळे सर्वाधिक गोंधळ तीच घालते.

मोजमाप त्यानंतर घ्यावे. मॉडेल टीच्या बऱ्याच वर्षांच्या मोटारींना पुढे ३० बाय ३ आणि मागे ३० बाय साडेतीन इंचांचे टायर असत. बाहेरचा व्यास सारखाच असला तरी टायर बसतो ती लोखंडी कडी पुढे २४ आणि मागे २३ इंचांची होती, म्हणून ही चाके एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मागच्या चाकाला ब्रेकचा ड्रम असतो, पुढच्याला नसतो. मधल्या टोपणावरील कंपनीच्या नावावर फारसे विसंबू नये, कारण टोपण हा चाकाचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे. इंग्लंडच्या जोसेफ सँकी कंपनीची पोलादी पत्र्याची चाके रंग दिल्यावर हुबेहूब लाकडी दिसत आणि मॉरिसच्या सुरुवातीच्या मोटारींना तसली चाके होती. तेथे साधे चुंबक पुरते.

कोकणच्या हवेत लाकडी चाकाचे हाल होत. पावसाळ्यात फुगलेले आरे उन्हाळ्यात आकसत आणि सांधे ढिले पडून चाक कुरकुरे. गाडीचे चाक ढिले झाले तर गावचा लोहार धाव पुन्हा चढवी. मोटारीच्या चाकाला तो उपाय लागू नव्हता, तेथे बोल्ट आवळावे लागत किंवा फटीत पत्र्याची चकती घालावी लागे. म्हणून पाचरींच्या फटीत सापडणारा पत्र्याचा तुकडा हा चाक खरोखर रस्त्यावर चालल्याचा चांगला पुरावा मानावा.

फोर्डची भारतीय कंपनी १९२६ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणी सुरू केली, तोवर लाकडी चाकाचे दिवस भरत आले होते. तारांची आणि पोलादी चाके त्याची जागा घेत होती आणि पुढच्या दशकात नव्या मोटारींवरून ते दिसेनासे झाले. अवघ्या तीन-साडेतीन दशकांचा हा काळ आणि त्यातही मोटारींची अल्प संख्या लक्षात घेता, पनवेल-खारघर भागात एखाद्या ढाब्याच्या भिंतीवर किंवा बंगल्याच्या फाटकाशी शोभेसाठी लावलेले जुने चाक बैलगाडीचे निघण्याचाच संभव फार अधिक, आणि ते पनवेलच्या सुताराने केलेले असल्यास स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने त्याचे मोल फोर्डच्या चाकाहून कमी लेखता येणार नाही.