मापाने शिवलेली ऑपरेटिंग सिस्टिम

आज आपण संगणक विकत आणतो तेव्हा त्यात ऑपरेटिंग सिस्टिम तयारच असते. आम्ही शिक्षक मंडळी मुलांना तेवढेच शिकवतो आणि पुढे जातो. पण १९६०च्या दशकात अमेरिकेत ही सिस्टिम कापड आणून मापाने शिवून घ्यावी तशी जागेवर बनवावी लागे.

किंबहुना सुरुवात गिऱ्हाइकांनीच केली. १९५६ साली जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कारखान्यांच्या लोकांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी स्वतःच एक सिस्टिम लिहिली. पहिल्या ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये तिची गणना होते. ‘शेअर’ ही अशा ग्राहकांची संघटना १९५५ सालची. एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने मागून न्यावा, त्यात सुधारणा करून परत द्यावा, असा तिचा रिवाज होता.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही मालिका जाहीर केली. तिची ओएस/३६० उभी करण्याच्या कामाला ‘सिसजेन’ म्हणत. आपल्याकडे मेमरी किती, टेप किती, डिस्क कोणत्या, हे सारे कार्डांवर छापायचे. असेंब्लरने ती कार्डे वाचली की त्यातून सिस्टिम निघत नसे. निघे तो पुढच्या कामांचा नवा गठ्ठा! तो चालवला की काही भाग नव्याने असेंबल होत, बाकीचे जोडले जात. यात तास न् तास जात. शिवाय हे सगळे चालवायला आधी एक चालू सिस्टिम लागे. म्हणून कंपनी एक छोटी ‘स्टार्टर’ सिस्टिम पाठवीत असे.

सोबत सोर्स कोडही मिळे. ८० रकान्यांच्या कार्डात शेवटचे आठ रकाने क्रमांकासाठी असत. त्या क्रमांकांच्या आधारे आपल्या दुरुस्त्या मधे घालता येत आणि नवी आवृत्ती आली की त्या पुन्हा बसवता येत. गठ्ठा हातातून पडला तरी क्रम लावता येई, हा आणखी एक फायदा.

१९८३ साली आयबीएमने यापुढे फक्त ऑब्जेक्ट कोड देण्याचे धोरण जाहीर केले. यंत्राला कळणारी लिखावट मिळणार, माणसाला वाचता येणारी नाही. शेअरने विरोध केला. कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. ग्राहकाने बदललेली सिस्टिम बिघडली तर दोष कोणाचा, हे ठरवणे अवघडच. पण ज्यांनी वर्षानुवर्षे तो कोड वाचून दुरुस्त केला, त्यांना आता दुरुस्तीसाठी कंपनीच्या दारात उभे राहावे लागणार होते. कारागिराचा गिऱ्हाईक झाला, असे आम्हाला वाटते.

बनवणारा निघून गेल्यावर यंत्राचे काय, हा प्रश्न आपल्या देशालाही पडला होता. १९७८ साली आयबीएम भारतातून गेली आणि तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने सांभाळली.

ओएस/३६०चा सोर्स कोड मात्र टिकून आहे. १९९९ साली आलेल्या हर्क्युलिस या प्रोग्रॅमच्या मदतीने हौशी लोक घरच्या संगणकावर तीच सिसजेन आजही करतात, आणि कार्डांचा गठ्ठा आता एक फाईल असते.