पूर्णेच्या गाळाचा तळ आणि कुलाब्याची कंपनोंद

वऱ्हाडात भूगर्भाचा प्रश्न बहुधा विहिरीच्या पाण्याचा प्रश्न म्हणूनच विचारला गेला आहे. गाविलगडचे डोंगर आणि अजिंठ्याची रांग यांमधील पूर्णेचे खोरे वरून सपाट, एकजिनसी दिसते. तथापि दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या बाजूस काळ्या मातीखाली गाळाचे थर असून, काही ठिकाणी बेसाल्ट शेकडो मीटर खोल गेला आहे. विंधनाशिवाय हा तळ अजमावण्याचा एक मार्ग ज्या कंपनांतून निघाला, ती भूकंपशास्त्रात दीर्घकाळ केवळ उपद्रव मानली जात असत.

या मार्गाच्या पूर्वेतिहासात मुंबईचा वाटा मोलाचा आहे. कुलाबा वेधशाळेत १८९८ मध्ये मिल्न यांच्या पद्धतीचा भूकंपलेखक बसविण्यात आला. भूकंप नसतानाही अशा यंत्राची रेषा थरथरत राहते. सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी या सूक्ष्मकंपांचा संबंध भारतीय समुद्रांतील वादळांशी व मोसमी लाटांशी जोडला. त्यांचा प्रबंध १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. एक अडचण मात्र उरली. साध्या लाटेचा दाब खोलीबरोबर झपाट्याने विरतो. मग खोल समुद्राचा तळ हालतो कसा? परस्परविरुद्ध दिशांनी येणाऱ्या समान आवर्तकालाच्या लाटांमुळे न विरणारा दाब निर्माण होतो, हे लाँग्वेट-हिगिन्स यांनी १९५० मध्ये सिद्ध केले.

कारण सापडले, तरी उपयोग वेगळाच निघाला. केइइती आकी यांनी १९५७ मध्ये अनेक ठिकाणच्या नोंदींची तुलना करून वरच्या थरांतील तरंगवेग काढण्याची रीत मांडली. पुढे नाकामुरा यांची १९८९ ची आडव्या व उभ्या कंपांच्या गुणोत्तराची रीत रूढ झाली. तिचे गणित सोपे आहे: थराची स्वाभाविक वारंवारता म्हणजे अवरूप तरंगाचा वेग भागिले जाडीची चौपट. वेग सेकंदास ४०० मीटर व जाडी १०० मीटर धरल्यास सेकंदास एक आंदोलन येते. वेग चुकीचा धरला की खोलीही चुकते. केवळ गुणोत्तरावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे. २००४ नंतर शापिरो व कांपियो यांच्या कार्यामुळे दोन केंद्रांवरील दीर्घ नोंदींचा सहसंबंध काढून त्यांमधील भूस्तर तपासता येऊ लागला.

वऱ्हाडात दोन्ही साधने आयती आहेत. अरबी समुद्राचे मंद कंप खोल खडकासाठी, तर बडनेरा–अकोला लोहमार्गाचे व गावांतील यंत्रांचे जलद कंप उथळ थरांसाठी उपयोगी. परंतु खाऱ्या व गोड पाण्यातील भेद या रीतीने कळत नाही; तेथे विद्युत्‌रोधाचे मापनच हवे. गाळाची जाडी आणि मृदू भूमीवर भूकंपाचा हादरा किती वाढेल, एवढेच ती सांगू शकते. १४ मार्च १९३८ चा सातपुड्यातील भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा विनाश ध्यानी घेता, गाळावर वसलेल्या गावांसाठी ही माहिती गौण म्हणता येत नाही. गाविलगडच्या पायथ्याशी असलेल्या भ्रंशाजवळ खडक एकाएकी किती खाली उतरतो, हे तपासण्यासाठी डोंगरापासून नदीपर्यंत आडव्या ओळीत केलेली मापनेच अधिक उपयुक्त ठरतील.